एकट्याचा अभ्यास आणि चौघांचा अभ्यास

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तंत्रशिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींचा वर्गातील सहभाग कसा वाढेल, या विषयावर मी बोलावे असे कार्यकारिणीने ठरवले. मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत लिपिक. इंटिग्रेशनचे ते लांबट चिन्ह मला आजही मोडक्या छत्रीच्या दांड्यासारखे दिसते. तेव्हा इंजिनिअरिंगवर बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न तुमच्यापैकी कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. माझा अधिकार एवढाच, की विहारामागच्या आपल्या अभ्यासिकेची किल्ली गेली नऊ वर्षे माझ्याकडे आहे. कोण किती वाजता येतो, कोठे बसतो आणि केव्हा येणे बंद करतो, हे मला दिसते.

येणे बंद केलेल्या एका मुलाविषयी आधी सांगतो. नाव सांगणार नाही. बारावीला गणितात आपल्या वस्तीत त्याच्याइतके गुण कोणाला नव्हते. कॅप राउंडमध्ये चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, आपण याच सभागृहात त्याचा पुष्पगुच्छ देऊन सत्कार केला. रोज रात्री आठला तो अभ्यासिकेत यायचा. खिडकीजवळचे टेबल, तोंड भिंतीकडे, कानात कापसाचे बोळे. एक वाजता मी कुलूप लावायला गेलो की उठायचा. एवढा कष्टाळू मुलगा मी पाहिला नव्हता. पहिल्या सेमिस्टरला एम-वन आणि मेकॅनिक्स राहिले. नंतर एम-टू राहिले. केटीचे विषय साचत गेले आणि तिसऱ्या वर्षाचा प्रवेश अडला. एके दिवशी तो माझ्या काउंटरवर शिष्यवृत्तीच्या खात्यातले उरलेले पैसे काढायला आला. स्लिप पुढे सरकवत म्हणाला, "काका, कॉलेज सोडलं मी."

मी त्याला बाहेर चहाला नेले. अडले कोठे, असे विचारले. वर्गात विचारायची हिंमत झाली नाही, असे त्याने सांगितले. पहिल्याच आठवड्यात बाकावरच्या मुलांनी त्याला विचारले होते, रँक किती? प्रवेश कोणत्या कोट्यातून? मित्रहो, हा प्रश्न एकदा कानावर पडला की आपले लेकरू त्या दिवशीच मनाशी ठरवते, आपले अज्ञान दिसेल असा एकही शब्द या वर्गात उच्चारायचा नाही. मग चार वर्षे ते हजेरीला 'प्रेझेंट सर' एवढेच म्हणते. मी त्याला म्हटले, कॉलेजचे एक सोड, पण आपल्याच अभ्यासिकेत तुझ्याच वर्षाची तिघे शेजारच्या टेबलांवर बसत होती, त्यांना का विचारले नाहीस? त्यावर तो म्हणाला, "त्यांना वाटलं असतं, ह्याला एवढंही येत नाही."

नंतर मी त्या तिघांना विचारले. त्यांतल्या दोघांचे एम-वनच राहिले होते. पार्शल डेरिव्हेटिव्हच्या त्याच प्रकरणावर ते सगळे अडले होते, एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून. आणि त्या खोलीच्या दारावर 'शांतता राखा' अशी पाटी होती. ती पाटी मी स्वतः रंगवलेली आहे.

ही गोष्ट मनातून जाईना म्हणून मी या विषयावरचे मिळेल ते वाचू लागलो. त्यात अमेरिकेतला एक प्रयोग सापडला, तो आज तुम्हाला थोडा विस्ताराने सांगणार आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांशी आपले नाते जुने आहे. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली, ती तिकडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. पण त्यांच्या रस्त्यावरच्या लढ्याइतके त्यांच्या वर्गातल्या लढ्याकडे आपण लक्ष दिले नाही.

कॅलिफोर्नियातील बर्कले येथील विद्यापीठात १९७० च्या दशकात युरी ट्राइसमन नावाचा गणिताचा एक संशोधक विद्यार्थी होता. त्याच्या ध्यानात आले की पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी फार मोठ्या प्रमाणावर नापास होतात. ज्याचे कॅल्क्युलस गेले त्याचे इंजिनिअरिंग गेले, वैद्यकीय गेले, सगळेच गेले. असे का होते, म्हणून त्याने प्राध्यापकांना विचारले. उत्तरे मिळाली ती आपल्या ओळखीची आहेत. मुलांना तळमळ नाही. पाया कच्चा आहे. घरी शिक्षणाचे वातावरण नाही. परिस्थिती गरिबीची आहे. उत्तरे देणारे लोक दुष्ट नव्हते, सहानुभूतीनेच बोलत होते. आपल्याकडेही सहानुभूतीने असेच बोलतात.

ट्राइसमनने ही उत्तरे तशीच स्वीकारली नाहीत. त्याने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात हे त्यांच्या खोल्यांवर, ग्रंथालयात जाऊन अनेक महिने पाहिले. तेव्हा दिसले ते असे. कृष्णवर्णीय मुलांच्या घरच्यांनी त्यांच्या शिक्षणासाठी जिवाचे रान केले होते. मुले कष्टाळू होती. वर्गातल्या प्रत्येक तासामागे दोन तास घरी अभ्यास करा, असे त्यांना सांगितलेले होते, त्याप्रमाणे ती आठवड्याला आठ तास इमाने-इतबारे अभ्यास करीत. पण करीत ती एकटी. २० पैकी १८ जणांनी वर्गातल्या कोणाबरोबरही कधी अभ्यास केला नव्हता. मित्र वेगळे, अभ्यास वेगळा. मित्रांत अभ्यासाचा विषय नाही आणि अभ्यासात मित्र नाहीत.

चिनी मुले आठवड्याला सुमारे चौदा तास देत होती. आधी ती एकेकटी गणिते सोडवीत आणि मग एकत्र जमत. जेवण एकत्र, त्यानंतर वह्या उघडायच्या. तुझे उत्तर काय आले, माझे हे आले, मग चूक कोणाची? ती एकमेकांचे इंग्रजीसुद्धा तपासत. एखादे गणित कोणालाच सुटले नाही तर ते गणितच अवघड आहे हे सर्वांना कळे. एकटा बसलेला मुलगा मात्र तेच गणित सुटले नाही की आपण ढ आहोत असे समजे. मला वाटते सगळे मर्म या फरकात आहे. गणित तेच, न सुटणे तेच. पण एकाला त्यातून गणिताविषयी माहिती मिळते आणि दुसऱ्याला स्वतःविषयी खोटी माहिती मिळते.

आणि ही कृष्णवर्णीय मुले एकटी का अभ्यास करीत? कारण आधीच्या शाळेत त्यांना एकट्यानेच यश मिळाले होते. सोबत्यांच्या नादी न लागता, दार लावून अभ्यास केला म्हणूनच ती बर्कलेपर्यंत पोहोचली होती. ज्या सवयीने त्यांना वर आणले त्याच सवयीने तेथे खाली ओढले. आमच्या खिडकीजवळच्या मुलाचे हेच झाले होते.

१९७८ च्या सुमारास ट्राइसमनने आपल्या कार्यशाळा सुरू केल्या. पाच-सात जणांचे गट, प्रत्येक गटासमोर गणितांचा कागद. यात दोन गोष्टी त्याने फार विचाराने केल्या. पहिली अशी, की हा 'कच्च्या मुलांचा वर्ग' आहे असे त्याने म्हटले नाही. हुशार मुलांसाठीचा विशेष कार्यक्रम म्हणून त्याने तो चालवला, कारण मागासलेल्यांच्या जादा तासाला स्वाभिमानी मुलगा फिरकत नाही. दुसरी अशी, की गणिते सोपी दिली नाहीत. उलट नेहमीपेक्षा कठीण दिली. सोपे गणित एकटा सोडवून मोकळा होतो, त्यासाठी शेजाऱ्याशी बोलावे लागत नाही. या कार्यशाळांत बसलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे निकाल न बसलेल्यांपेक्षा ठळकपणे चांगले आले, आणि त्याचा तपशील १९९० साली रॉबर्ट फुलिलव्ह यांच्यासह लिहिलेल्या लेखातून प्रसिद्ध झाला. पुढे त्या देशातल्या अनेक विद्यापीठांनी हा मार्ग उचलला.

येथे कोणी म्हणेल, आमचे बाबासाहेब तर अठरा-अठरा तास एकटे अभ्यास करीत. खरे आहे. हे आपण प्रत्येक जयंतीला मुलांना सांगतो, मीही सांगत आलो. पण मित्रहो, आपण अर्धीच गोष्ट सांगतो. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये बाबासाहेबांनी भारतातील जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. सेमिनार म्हणजे काय? विद्यार्थ्याने आपले विचार इतरांसमोर मांडायचे, प्रश्न झेलायचे, उत्तरे द्यायची. पंचवीस वर्षांचा हा तरुण, ज्याला शाळेत वर्गाबाहेरचे पाणीसुद्धा मोकळेपणी मिळाले नव्हते, तो परक्या देशात सर्वांसमोर उभा राहून बोलला. त्याच विद्यापीठात त्यांना जॉन ड्यूई हे गुरू लाभले. लोकांनी एकमेकांच्या सहवासात, एकमेकांशी देवाणघेवाण करीत जगणे म्हणजे लोकशाही, असे मानणारे हे तत्त्वज्ञ. परत आल्यावर १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह काढले. मुलांना घरी पुस्तके वाटता आली नसती काय? पण मुले एकत्र राहून शिकली पाहिजेत हे त्यांनी जाणले होते. आणि आपल्या धम्मात कल्याणमित्र हा शब्द आहेच. कल्याणमित्रता म्हणजे अर्धे धम्मजीवन होय असे आनंद म्हणाले, तेव्हा भगवंतांनी त्यांना थांबवून ते अर्धे नव्हे, संपूर्णच आहे असे सांगितल्याची कथा आपण वर्षावासात ऐकतो.

माझ्या धंद्यातले एक उदाहरण देतो. संध्याकाळी रोख जुळत नाही तेव्हा कॅशिअर स्वतःची यादी चारदा तपासतो आणि चारही वेळा तीच चूक वाचून पुढे जातो. आपली चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही. दुसरा माणूस शेजारी बसतो, एकजण मोठ्याने आकडे वाचतो, दुसरा खूण करीत जातो, आणि पाच मिनिटांत ६३ च्या जागी ३६ लिहिलेले सापडते. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवले, की फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आकडे उलटसुलट झाले का ते आधी बघ. हे तंत्र कोणत्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात होते का, मला ठाऊक नाही. मला ते शेजारच्या खुर्चीवरून मिळाले.

आता 'ग्रुप' हा शब्द कॉलेजात नवा नाही, हे तुम्ही मला सांगाल. प्रॅक्टिकलला बॅच असते, शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचा ग्रुप असतो. होय, आणि त्याचे काय होते तेही मी मुलांकडून ऐकले आहे. चौघांच्या ग्रुपमध्ये एकजण काम करतो. दुसरा झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंग करून आणतो. मुलगी असेल तर "तुझे अक्षर छान आहे" म्हणून तिच्याकडे रिपोर्ट लिहायचे काम. आणि ज्याच्याकडे लॅपटॉप नाही, जो कोणाच्या ओळखीचा नाही, त्याला कोणी घेतच नाही. शेवटी सर त्याला उरलेल्यांत ढकलतात. नुसते चौघांना एका टेबलाभोवती बसवले म्हणजे गटकार्य होत नाही. गावकुसाची व्यवस्था टेबलाभोवतीही उभी राहू शकते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

डायोडच्या प्रॅक्टिकलचे उदाहरण घ्या. मला ते आपल्या डिप्लोमाच्या मुलींनी समजावले. पॉवर सप्लायचे बटण हळूहळू फिरवायचे, व्होल्टेज आणि करंट वाचायचा, तक्त्यात लिहायचे, आलेख काढायचा. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.७ व्होल्टपाशी एकदम वाहू लागतो. ही गंमत कोणाच्या हाताला कळते? ज्याच्या हातात बटण आहे त्याच्या. बाकीचे तिघे त्याचे आकडे उतरवून घेतात आणि जर्नल पूर्ण करतात. वर्षभर तोच एक मुलगा बटण फिरवतो. यावर उपाय फार साधा आहे, की कामे दर आठवड्याला फिरली पाहिजेत. या आठवड्यात जो बटणापाशी तो पुढच्या आठवड्यात आलेखापाशी. आणि तोंडी परीक्षेला गटातला कोण उत्तर देणार हे आधी ठरलेले नसावे. चिठ्ठी काढावी. जिची चिठ्ठी निघेल ती सांगेल, आणि तिच्या उत्तराचे काही गुण चौघांना मिळतील. मग बघा, हुशार मुलगा स्वतः होऊन म्हणतो, थांब, तुला नीट कळले का? त्याबरोबर प्रत्येकाचे स्वतंत्र गुणही हवेत, नाहीतर फुकटात पास होणारे निपजतात. आज सभागृहात चार-पाच प्राध्यापक मंडळी बसली आहेत, त्यांनी या चिठ्ठीचा जरूर विचार करावा.

अमेरिकेतच टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे १९७१ साली गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा एकत्र झाल्या आणि भांडणे पेटली, तेव्हा एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने हेच शाळेतल्या मुलांसाठी केले होते. धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक तुकडा दिला. ज्याला कोणी विचारत नव्हते त्याच्याकडेही एक तुकडा होता, आणि तो ऐकल्याशिवाय इतरांचा धडा पुरा होत नव्हता.

साठ-सत्तर मुलांच्या वर्गात गट कसे पाडणार, अशी अडचण प्राध्यापक सांगतात. त्यासाठी हार्वर्डच्या एरिक माझुर या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची रीत पाहण्यासारखी आहे. त्यांच्या मुलांना मोठमोठी गणिते सुटत. पण जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर जास्त बल लावते, असे विचारले की अनेक जण ट्रक म्हणत. बल दोघांचे सारखेच असते, हा न्यूटनचा तिसरा नियम त्यांना तोंडपाठ होता तरी. म्हणून १९९० नंतर त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवून असा एक प्रश्न द्यायला सुरुवात केली. आधी प्रत्येकाने आपले उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचे, मग पुन्हा उत्तर द्यायचे. बाके हलवायची नाहीत, जादा खर्च नाही. शेजाऱ्याशी बोलायला सरांनीच सांगितले आहे म्हटल्यावर लाजरा मुलगाही बोलतो.

आपल्या अभ्यासिकेत गेल्या तीन वर्षांपासून रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही जे करतो ते आता थोडक्यात सांगतो. त्या दोन तासांपुरती 'शांतता राखा' ही पाटी उलटी करून ठेवतो. एक फळा घेतला आहे. जुन्या प्रश्नपत्रिकांतली सहा गणिते असतात, चार-पाच जणांचा गट, आणि खडू ज्याला कमी येते त्याच्या हातात. हा नियम सुरुवातीला मुलांना फार जाचला. दोन मुली रडल्या, एक मुलगा महिनाभर आला नाही. आणि हुशार मुलांचे म्हणणे असे होते, की आमचा वेळ का घालवता? त्यांना मी ट्राइसमनची गोष्ट सांगून पाहिली, उपयोग झाला नाही. मग एका रविवारी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या आणि एम-वनचा धसका घेतलेल्या मुलीने पार्शल डेरिव्हेटिव्ह असे समजावले: "अरे, वाय बांधून ठेव आणि एकटा एक्स हलव. नंतर एक्स बांध, वाय हलव. एका वेळी एकच हात मोकळा सोडायचा." मलादेखील समजले! गटातला सर्वांत हुशार मुलगा म्हणाला, मी आजपर्यंत हे सूत्र म्हणून करीत होतो. त्या दिवसानंतर वेळ वाया जातो ही तक्रार त्याने केली नाही.

हे ती मराठीत बोलली, हेही लक्षात घ्या. वर्गात इंग्रजी, प्रश्नपत्रिका इंग्रजीत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, पण आपली बहुतेक मुले इंग्रजीतच शिकतात आणि त्यांना नोकरीसाठी तेच हवे आहे. माझे त्यावर भांडण नाही. फक्त कळायचे मराठीत आणि लिहायचे इंग्रजीत, या दोहोंच्या मध्ये एक पूल लागतो, आणि तो व्याख्यानात बांधला जात नाही.

सगळे छान चालले आहे असा दावा मी करीत नाही. परीक्षा जवळ आली की मुले पुन्हा भिंतीकडे तोंड करतात. काही रविवारी गप्पाच जास्त होतात. फक्त आपल्याच समाजाची मुले का, असे कोणी विचारतात. त्यांना सांगतो की तसे नाही, शेजारच्या चाळीतली सर्व जातिधर्मांची मुले येतात आणि यावीत, कारण कॉलेजात आणि पुढे कंपनीत आपल्याला त्यांच्याच शेजारी बसायचे आहे.

त्या खिडकीजवळच्या मुलाची भेट मधूनमधून होते. तो आता पार्सल पोहोचवण्याचे काम करतो. दिवाळीआधी मी त्याला म्हटले, रविवारी ये, एम-वन तुझ्याइतके घोटलेले कोणाचे नाही. तो हसला आणि बघतो म्हणाला. अजून आलेला नाही. मी पुन्हा विचारणार आहे.

कार्यकारिणीला माझी विनंती दोन गोष्टींची आहे. दुसरा फळा हवा आहे, आणि आपल्यातले जे इंजिनिअर झाले आहेत त्यांनी महिन्यातून एका रविवारचे दोन तास द्यावेत. त्यांनी शिकवायचे नाही, केवळ मागे बसायचे आणि गट अगदीच अडला तर एखादा प्रश्न विचारायचा. विद्यार्थ्यांनो, येत्या रविवारी साडेआठला वंदना आहे, नऊला गट बसतील. येताना न सुटलेले एक गणित घेऊन या.

जयभीम. नमो बुद्धाय.